पासष्ट ग्रॅम आणि वर शीग

अहो,

प्राजू आज सकाळी पुण्याला गेली, आणि जाता जाता मला अट घालून गेली. तुमचीच लेक, अटीशिवाय पाऊल उचलेल तर शपथ! रोज दुपारी जेवायच्या वेळेला ती व्हिडिओ कॉल करणार आणि मी माझं ताट तिला दाखवायचं. ताटात त्याच दिवशी लावलेला, वाफ निघणारा भात दिसला पाहिजे. दिसला तर मी केडगावच्या आपल्या घरात राहायचं. नाही दिसला तर रविवारी जावईबापू गाडी घेऊन येणार, आणि मी चार साड्या पिशवीत घालून त्यांच्या फ्लॅटवर जायचं, जिथे खिडकी उघडली की समोरच्यांचा गॅस दिसतो.

"आई, भांडू नकोस," ती म्हणाली. "तू एकटीसाठी काही करून खात नाहीस. मी बघितलंय. कुकरच्या झाकणावर धूळ बसलीये."

धूळ बसली होती, खरं आहे. तुमचा तेरावा होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, कोण काय शिजवतंय आणि कोण वाढतंय ते मला समजतही नव्हतं. पुढे शेजारच्या वहिनींचा डबा आला. मग मीच डबा बंद करा म्हणून सांगितलं, आणि चहा, टोस्ट, सकाळची भाकरी संध्याकाळी, असं चाललं. प्राजूला वाटतं माझी भूक गेली. भूक लागते हो. लाज वाटते सांगायला, पण वेळेवर लागते. भाकरी मी एकीची करू शकते, पीठ हातात घेतलं की एकीचं कळतं. भाताचं तसं नाही. एका माणसाचा भात किती लावायचा, हे मला माहीतच नाही.

हे तिला सांगितलं असतं तर ती हसली असती, नाहीतर रडली असती. म्हणून तुम्हाला सांगते.

तुम्ही लगेच म्हणाला असता, "पासष्ट ग्रॅम." वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर न काढता. प्रश्न विचारायच्या आधी उत्तर तयार, आणि त्या उत्तराला ग्रॅम लागलेले. शुगर फॅक्टरीच्या लॅबमध्ये सगळी नोकरी उसाच्या रसाचे थेंब मोजण्यात गेली, आता घरी तरी स्वस्थ बसाल असं मला वाटलं होतं. तर रिटायर झाल्यावर पहिली खरेदी कसली? लोक देवदर्शनाला जातात, स्वेटर घेतात. तुम्ही मार्केट यार्डाकडून येताना तो चपटा पांढरा काटा घेऊन आलात आणि ओट्यावर, माझ्या मिसळणाच्या डब्याच्या जागेवर ठेवलात. मिसळणाचा डबा उचलून फळीवर! तिथूनच आपलं भांडण सुरू झालं.

"शैला, तुझी वाटी म्हणजे किती?" तुम्ही विचारलंत.

"वाटी म्हणजे वाटी."

"असं कसं? वाटी हे आकारमान झालं. वजन किती?"

"शितावरून भाताची परीक्षा करतात, काट्यावरून नाही," मी म्हटलं आणि डबा परत खाली आणून ठेवला. दोन्ही वस्तू ओट्यावर दाटीवाटीने राहायला लागल्या. अजून आहेत.

गंमत म्हणजे भात हे तुमचं अन्न, माझं नव्हे. माझं माहेर सुप्याकडचं. तेव्हा तिथे कारखाने नव्हते, बाजरी होती. तांदूळ आमच्या घरी सणाला, पाहुण्यांना, नाहीतर आजाऱ्याला. मला ताप आला की मी आतून खूश व्हायची, कारण मऊ भात मिळणार. आणि लग्न होऊन आले कुठे, तर तुमच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे सकाळी भात, दुपारी भात, आणि घराच्या मागच्या खोलीत तांदळाच्या कणग्या. पहिल्या दिवशी सासूबाईंनी लाकडी अधोली हातात दिली आणि म्हणाल्या, "घे, मोज." अर्ध्या पायलीचं माप ते, काळंभोर, हाताच्या तेलाने गुळगुळीत झालेलं. मी भरलं, टोपलीत ओतलं आणि म्हटलं, "एक."

सासूबाईंनी टोपली उचलली आणि सगळे तांदूळ परत कणगीत ओतले.

"पयल्या मापाला एक न्हाई म्हनायचं, पोरी. लाभ म्हनायचं. लाभ, दोन, तीन. एक म्हनलं का माप एकटं पडतं."

मी पुन्हा भरलं, तर पुन्हा थांबवलं. मी माप काठाशी हाताने सपाट केलं होतं. आमच्याकडे वाण्याच्या दुकानात तसंच करायचे. त्यांनी स्वतःच्या ओंजळीने वर तांदूळ घातले, काठावर टेकडी होईपर्यंत, एक दाणा घरंगळेपर्यंत. "ही शीग. घरच्या मान्साला मोजताना शीग लावायची. सपाट माप इकायला." तुम्ही दारात उभे राहून हसत होतात. मला इतका राग आला होता तुमचा!

आणि एवढं शिकून, बीएस्सी होऊन, लॅबमध्ये पांढरा कोट घालून आल्यावरसुद्धा, तुम्ही त्या इलेक्ट्रिक काट्यावर तांदळाचं भांडं ठेवलंत की पुटपुटायचात, "लाभ." मी एकदा पकडलं तुम्हाला. म्हटलं, "अहो शास्त्रज्ञ, काट्यावर एकशे तीस आलंय, लाभ कुठे आलाय?" तुम्ही कान लाल करून म्हणालात, "सवय." तेवढ्या एका शब्दासाठी मी तुमच्या काट्याला ओट्यावर राहू दिलं, हे तुम्हाला कधी बोलले नाही.

दादाभाऊंचे तांदूळ दर वर्षी यायचे. सुगी झाली की तुमचे थोरले बंधू एसटीतून नाहीतर कुणाच्या टेम्पोतून पोतं पाठवायचे आणि फोनवर पायल्यांत सांगायचे. तुम्ही ते किलोत करायला बसायचात. "दादा, तुझी पायली म्हणजे किती किलो?" आणि तिकडून उत्तर, "आरं पायली म्हंजी पायली. बाजरीची येगळी, तांदळाची येगळी, गव्हाची येगळी. माप येकच, वजन येगळं. तुला लॅबात कुनी ठिवला?" मग तुम्ही मला समजावून सांगायचात की दाणा लहान असेल तर फटी कमी, लांबट असेल तर जास्त, जुना तांदूळ वाळलेला, नव्यात ओल. मी हो हो म्हणायची आणि तांदळाला बोरिक पावडर लावायची.

आणि तुमचा तो कप! ती गोष्ट मी तेराव्याला सगळ्यांना सांगितली, रागावू नका. प्राजूने तुम्हाला मोबाईलवर पुलावाचा व्हिडिओ दाखवला होता. मी सुप्याला भावाकडे गेले होते, आणि तुमच्या मनात आलं की आज आपण करून बायकोला चकित करू. व्हिडिओतली बाई म्हणाली एक कप तांदूळ, दोन कप पाणी. इथे कुणीही साधा माणूस कोणतंही एक भांडं उचलेल आणि मोकळा होईल. तुम्ही घरातले सगळे कप ओट्यावर मांडलेत, कानवाले, बिनकानाचे, बारशाला मिळालेले, आणि प्रत्येकात पाणी भरून काट्यावर चढवलंत, व्हिडिओतल्या बाईचा कप कोणता ते ठरवायला. मी संध्याकाळी आले तेव्हा ओट्यावर ओळीने पाण्याने भरलेले कप, आणि तुम्ही खुर्चीवर उपाशी. तांदूळ अजून भिजलेसुद्धा नव्हते. म्हणालात, "एकही दुसऱ्यासारखा नाही, शैला." मी पदर खोचला आणि वाटीने खिचडी लावली. खाताना दोनदा मागून घेतलीत.

मी जिंकले असं मात्र मी म्हणत नाही. नव्या इंद्रायणीला जुन्याइतकं पाणी घालून मी गिचका केला होता आणि तुम्ही बिनबोभाट ताक घालून संपवला होता, ते मला आठवतं. तेव्हापासून नव्या तांदळाचं पाणी तुम्ही सांगाल तेवढंच घालायची. दाखवायची मात्र असं, की बोटाच्या पेराने मोजतेय.

तुमची खरी फजिती झाली ती प्राजूच्या सासरची मंडळी पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा. तुम्ही सकाळपासून काट्यापाशी. "माणशी पासष्ट. पंधरा माणसं. थोडे वर धरू." मी म्हटलं अंदाजाने लावते, तर नाही. तांदूळ तोलून, भांड्यात घालून, वर ताट झाकून मला दिलेत, एखादं औषध द्यावं तसे. प्राजूच्या सासरचे लोक नगरचेच, पोळ्या खाणारे, शेवटी दोन घास भात. त्यांचं बरोबर होतं. पण पंगतीत दादाभाऊ होते, वहिनी होत्या, त्यांची दोन मुलं होती, सगळे अकोल्याहून गाडी करून आलेले. ते पोळीकडे बघेनात. भात कधी येतो याची वाट बघत बसले. मी दादाभाऊंच्या ताटात मूद वाढली, आणि भांड्याचा तळ दिसला.

दादाभाऊंनी त्या मुदीकडे बघितलं, मग तुमच्याकडे. "आरं, ह्यो भात हाय का आक्षता? कुनाच्या डोक्यावर टाकायच्या का?"

सगळी पंगत हसली, व्याही हसले, प्राजू तोंडाला पदर लावून आत पळाली. तुम्ही अकोल्याचे! ज्या घरात भात पहिला वाढतात त्या घरात तुमचा जन्म. आणि नगरच्या ताटाने मोजून मोकळे झालात! मी आत जाऊन कुकर भरून तांदूळ घातले, ना वाटी ना काटा, नुसत्या ओंजळी. शिट्टी होईपर्यंत तुम्ही भावाला पोळ्यांचा आग्रह करत होतात. नंतर कित्येक महिने तुम्ही स्वतःच ती गोष्ट सगळ्यांना सांगत फिरलात, आणि तांदूळ तोलताना स्वतःशी म्हणायचात, "अकोल्याला दुप्पट." स्वतःवर हसता येणारा नवरा मिळायला नशीब लागतं. माझ्या मैत्रिणींचे नवरे आठवले की मला ते जास्तच पटतं.

पण आपलं एक भांडण राहिलंच.

तुम्ही आजारी पडायच्या आधीच्या दिवसांत तुम्हाला नवा नाद लागला होता. मी वाटीने तांदूळ घेतले की मधेच हात पुढे करून तुम्ही वाटी काट्यावर ठेवायचात. सपाट वाटीचे एकशे तीस, हे तुमचं ठरलेलं. दोघांना मिळून तेवढं पुरे, माणशी पासष्ट. पण माझी वाटी कधी एकशे चाळीस यायची, कधी एकशे पन्नासच्या पुढे, कधी खरंच सपाट. तुम्ही चक्रावलात.

"वाटी तीच?"

"तीच."

"तांदूळ तोच?"

"तोच."

"मग रोज वेगळं वजन कसं?"

मी खांदे उडवायची. मग तुम्ही कारणं शोधायला लागलात. हवेत दमटपणा असेल. डब्याच्या तळाचा तांदूळ दाबून बसला असेल. काट्याचे सेल उतरले असतील. नवे सेल आणलेत. तरी फरक पडेना. शेवटच्या वेळी, तुम्हाला दवाखान्यात न्यायच्या आठवड्यात, तुम्ही वाटी हातात धरून म्हणालात, "तू शीग लावतेस, एवढं मला दिसतं. पण ती कधी लावतेस आणि कधी नाही, याला काहीतरी नियम असणार. नियम असल्याशिवाय काही होत नाही." मी म्हटलं, "नाही सांगत जा. शोधा." आणि तुम्ही हसून म्हणालात, "बघतोच." मग कुणीतरी दारावर आलं आणि ते तिथेच राहिलं.

आता सांगते. नियम होता. लग्नानंतर फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आलो तेव्हापासून होता. गळीत हंगाम सुरू झाला की तुमच्या पाळ्या बदलत राहायच्या, आणि तुम्ही घरात पाय टाकलात की मी आधी तुमचं तोंड बघायची. गाल बसलेले असले, डोळ्यांखाली काळं आलेलं असलं, की वाटीवर हात आपोआप जायचा आणि शीग चढायची. साहेबाशी वाजलं असेल तर जरा जास्त. कॅन्टीनमध्ये भजी खाऊन आला असाल तर ओठांवर कळायचं, त्या दिवशी सपाट. रिटायर झालात तरी माझा हात तसाच राहिला. गुडघा दुखत असला तर शीग. प्राजूचा फोन आला नाही म्हणून गप्प असलात तर शीग. वाटी तीच होती, तांदूळ तोच होता, तुमचं तोंड रोज वेगळं होतं. दमटपणाचा काही संबंध नव्हता हो.

हे मी सांगायला हवं होतं का? कळत नाही. सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम गाल आत ओढून स्वयंपाकघरात आला असतात, एवढं नक्की.

दहाव्याला कावळा शिवेना. तुम्हाला कळलंच असेल. सगळे ताटकळत उभे. प्राजू हात जोडून म्हणाली, "पप्पा, मी आईची काळजी घेईन." नाही शिवला. जावईबापू काही पुटपुटले. नाही. दादाभाऊ म्हणाले, "आरं, आता कशात जीव गुतलाय तुजा?" मी मागे उभी होते, आणि खरं सांगू, मला रडता रडता हसू फुटलं. कारण मला पक्कं माहीत होतं तुम्ही काय करत असाल. पिंड किती ग्रॅमचा आहे, आणि तिन्ही पिंड सारखे आहेत की नाहीत, ते बघत असाल. मी मनात म्हटलं, "अंदाजाने केलेत हो, घ्या आता." तेवढ्यात एक कावळा खाली आला. योगायोग असेल. तुम्ही योगायोगच म्हणाला असतात.

विधी झाल्यावर दादाभाऊंनी गाडीतून पोतं काढलं. नवे तांदूळ, दर वर्षीसारखे. मी म्हटलं, "दादा, आता कशाला? खाणारं कोण आहे?"

त्यांनी पोतं खाली टेकवलं. एवढा मोठा माणूस, पण डोळे लाल झालेले. "दर साली पायल्या मोजून देतो तसा आनलाय. कमी न्हाई केला. तू हायस न्हवं?" मग म्हणाले, "लहानपनी आईनं ताटं वाढली का तो सगळ्यांची ताटं बघायचा. आईच्या ताटात कमी दिसलं का आपल्यातला भात उचलून तिच्या ताटात टाकायचा. मार खायचा, पन टाकायचा."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्या दिवशी डोक्यात काही शिरत नव्हतं. ते आज शिरलं.

आज प्राजूची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, मी आत आले आणि पोत्याची शिवण उसवली. नव्या तांदळाचा तो वास घरभर झाला. कुकर घासला. वाटी घेतली, भरली. आणि हात सवयीने शीग लावायला वर गेला, तिथेच थांबला. शीग लावायची तर तोंड कुणाचं बघायचं? तुमची खुर्ची खिडकीपाशी तशीच आहे. मला तुमची फार आठवण येते हो. सगळे म्हणतात आठवण येणारच, पण अशी ओट्यापाशी येईल, हातात वाटी असताना येईल, हे कुणी सांगत नाही.

वाटी खाली ठेवली आणि तुमचा काटा पुढे ओढला. मी तो कधी स्वतः लावला नव्हता. बटण दाबलं. रिकामं भांडं ठेवून शून्य करायचं, हे तुमचं बघून बघून माहीत होतं. त्या शून्याकडे बघताना मला एकदम तुमचं दुसरं एक वेड आठवलं. काटा आणलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही आपली दोन्ही ताटं त्यावर ठेवली होतीत, वाढलेली, भातासकट. तुमच्या ताटात भात जवळजवळ दुप्पट निघाला. मला वाटलं, झालं, आता ताटंसुद्धा तोलणार का हा माणूस? मी चिडले. तुम्ही तुमच्या ताटातला थोडा भात उचलून माझ्या ताटात टाकलात, पुन्हा तोललंत, आणि म्हणालात, "आता बरोबर. माणशी पासष्ट. दोघांना सारखं."

मी इतकी वर्षं समजत होते की लॅबची खाज आहे. नोकरीत असताना तुम्ही डबा घेऊन जायचात, नाहीतर अवेळी जेवायचात. माझ्या ताटात काय असतं ते तुम्हाला दिसलंच नव्हतं. रिटायर झालात, समोरासमोर जेवायला बसलात, आणि आठवड्याभरात काटा आणलात. तोंडाने सांगितलं असतंत, "शैला, तू कमी घेतेस," तर मी म्हटलं असतं, "मला पुरतं." तुम्हाला माहीत होतं मी तेच म्हणणार. काट्याशी मला वाद घालता येईना, म्हणून काटा. पासष्ट ग्रॅम तांदळाचे नव्हतेच, माझ्या ताटातले होते. मी तुमच्यासाठी शीग लावत होते आणि तुम्ही माझ्यासाठी तोलत होतात, आणि दोघंही ओट्यावर रोज भांडत होतो. काय म्हणायचं आपल्याला!

मी तांदूळ घालायला लागले. पहिली मूठ पडताना म्हटलं, "लाभ." मोठ्याने म्हटलं. सासूबाईंना घाबरून म्हणा, तुमच्यासाठी म्हणा. पुढे मोजायला काही नव्हतं, एकाच माणसाचा भात. पण एक म्हटलं नाही मी.

आकडा साठ झाला, बासष्ट झाला, पासष्टवर आणून थांबवला. एवढेसे दिसत होते ते तांदूळ, भांड्याच्या तळाला. तुमचं बरोबर असेल, पोटाला तेवढे पुरतही असतील. मी भांडं उचलणार होते. पण घरच्या माणसाला मोजताना सपाट ठेवायचं नाही, हे मला याच घराने शिकवलं. मग मी दाराशेजारच्या आरशात बघितलं. तुम्ही दाढी करायचात तो. त्यात जे तोंड दिसलं ते चांगलंच उतरलेलं होतं हो. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. तुमचं असं दिसलं असतं तर मी दोन ओंजळी घातल्या असत्या.

मी परत आले आणि वरून मूठभर तांदूळ घातले. मग आणखी थोडे. काट्यावरचा आकडा कुठे गेला ते बघितलं नाही. नवे तांदूळ म्हणून पाणी तुम्ही सांगायचात तसं कमी घातलं आणि कुकर लावला.

भात छान झाला. मऊ, एकाला एक चिकटून, पण गिचका नाही. वरण, तूप, लिंबाची फोड. ताट घेऊन बसले तोच फोन वाजला. प्राजूने आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "ताट दाखव." मी मोबाईल खाली धरला.

"अगं बाई, एवढा भात?" ती म्हणाली. "कोण आलंय जेवायला?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "माझाच आहे."

आणि तिच्यासमोरच पहिला घास घेतला.